जो तिथे नव्हता, त्याच्यासाठी: पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वर हिअर’ची कथा

१/
५ जून १९७५. लंडनमधील ॲबी रोड स्टुडिओत ‘पिंक फ्लॉइड’ या बँडचे सदस्य नव्या अल्बमच्या मिक्सिंगमध्ये गुंतले होते. तेवढ्यात एक स्थूल माणूस आत येऊन बसला. डोके तुळतुळीत, भुवयाही भादरलेल्या, हातात एक पिशवी. कोणीही त्याला ओळखले नाही. एकाला वाटले, हा दुसऱ्याचा मित्र असावा. दुसऱ्याला वाटले, कंपनीचा कर्मचारी असावा. बऱ्याच वेळाने उलगडा झाला की तो सिड बॅरेट होता. या बँडला नाव त्याने दिले होते, सुरुवातीची गाणी त्यानेच लिहिली होती, आणि त्या वेळी टेपवर फिरत असलेले गाणे त्याच्यावरच रचलेले होते.

२/
त्या अल्बमचे नाव ‘विश यू वर हिअर’. समुद्रकिनारी सुट्टीवर गेलेला इंग्रज माणूस घरी पोस्टकार्ड धाडताना हेच चार शब्द लिहीत असे. तू इथे असायला हवा होतास, एवढाच त्यांचा अर्थ. वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या या औपचारिक वाक्यात १९७५ साली चार संगीतकारांनी खरी वेदना भरली. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या इतिहासात याहून गुंतागुंतीचे अल्बम पुष्कळ आहेत. अनुपस्थिती हाच विषय घेऊन पावणेतास श्रोत्याला धरून ठेवणारे मात्र फार थोडे. हा थ्रेड त्या अल्बमच्या जन्माचा आहे, आणि त्यामागच्या एका न फिटलेल्या ऋणाचाही.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. १९४८ मध्ये अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी बाजारात आली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावत असे. पण लोकप्रिय संगीताचा व्यापार पुढची पंधरा-वीस वर्षे तीन मिनिटांच्या सुट्या गाण्यावरच चालला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील काही तरुण संगीतकारांना एलपीची अख्खी बाजू हाच आपला कॅनव्हास वाटू लागला. पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ आणि नव्याने आलेली इलेक्ट्रॉनिक वाद्ये यांचा रॉकशी मेळ घालून त्यांनी दीर्घ रचना बांधल्या. पुढे या प्रवाहाला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटले गेले.

४/
१९६९ मध्ये ‘किंग क्रिम्सन’चा पहिला अल्बम आला आणि या प्रवाहाला ठळक रूप मिळाले. १९७२ मध्ये ‘जेथ्रो टल’ने ‘थिक ॲज अ ब्रिक’मध्ये तबकडीच्या दोन्ही बाजू एकाच रचनेला दिल्या. त्याच वर्षी ‘येस’च्या ‘क्लोज टू द एज’मधील शीर्षकरचनेने एक संपूर्ण बाजू व्यापली. वादनातील कौशल्य, बदलते ताल आणि भव्य कल्पना ही या घराण्याची ओळख ठरली. पिंक फ्लॉइड याच काळातला बँड, पण स्वभावाने वेगळा. वेगवान बोटांपेक्षा अवकाश, संथ लय आणि ध्वनीचा पोत यांवर त्याचा भर होता. चार स्वर वाजवून थांबण्याचे धैर्य त्याच्याकडे होते.

५/
बँडची मुळे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आहेत. तेथे रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थी एकत्र आले. १९६५ च्या सुमारास केंब्रिजहून चित्रकला शिकायला लंडनला आलेला रॉजर कीथ बॅरेट त्यांच्यात सामील झाला. त्याला सारे सिड म्हणत. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज गायकांची नावे जोडून बँडचे नाव त्यानेच तयार केले. हा योगायोग पुढे बँडला चांगलाच भोवला. पिंक ही कोणी व्यक्ती असावी असा समज करून घेणारे लोक त्यांना वर्षानुवर्षे भेटत राहिले.

६/
१९६७ हे बॅरेटचे वर्ष होते. जूनमध्ये आलेले ‘सी एमिली प्ले’ हे त्याचे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत पोहोचले. ऑगस्टमध्ये पहिला अल्बम आला आणि त्यातील बहुतेक गाणी त्याचीच होती. हा अल्बम ॲबी रोडवर ध्वनिमुद्रित होत असताना त्याच इमारतीत ‘बीटल्स’ ‘सार्जंट पेपर’वर काम करीत होते. बॅरेट तेव्हा एकवीस वर्षांचा होता. बालकथांचा निरागसपणा आणि अंतराळाचे भय एकाच गाण्यात आणण्याची त्याची हातोटी त्या काळच्या लंडनमध्ये दुर्मीळ होती. वर्ष सरता सरता मात्र त्याचे भान हरपू लागले.

७/
त्या काळात त्याने एलएसडीचे सेवन मोठ्या प्रमाणावर केले होते. मंचावर तो कधी एकच स्वर वाजवीत राही, तर कधी हात खाली सोडून नुसताच उभा असे. त्याला नेमका कोणता आजार होता यावर आजवर बरेच लिहिले गेले आहे. त्याच्या हयातीत कोणतेही निदान जाहीर झाले नाही. मित्रांना एवढे मात्र दिसत होते की तो त्यांच्यापासून दूर चालला आहे. वर्षाच्या अखेरीस केंब्रिजमधीलच त्याचा जुना मित्र डेव्हिड गिल्मर याला गिटारवादक म्हणून बँडमध्ये घेण्यात आले. काही आठवडे पिंक फ्लॉइड पाच जणांचा होता.

८/
मग जानेवारी १९६८ मधील तो दिवस उजाडला. साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघालेल्या गाडीत कोणीतरी विचारले, सिडला घ्यायला जायचे का? उत्तर आले, राहू दे. गाडी त्याच्या घराकडे वळली नाही. भांडण नाही, निरोप नाही, चर्चाही नाही. एप्रिलमध्ये त्याच्या बाहेर पडण्याची अधिकृत घोषणा झाली. त्या वयातील मुलांना याहून वेगळे काही सुचले नसते, असे म्हणता येईल. पण पुढची अनेक वर्षे या चौघांच्या मनात ती न वळलेली गाडी रुतून राहिली. १९७५ चा अल्बम समजून घ्यायचा तर सुरुवात या गाडीपासून करावी लागते.

९/
मित्रांनी त्याला अगदीच वाऱ्यावर सोडले नाही, हेही नोंदवले पाहिजे. १९७० मध्ये बॅरेटचे दोन स्वतंत्र अल्बम आले. पहिल्याच्या निर्मितीत गिल्मर आणि वॉटर्स यांनी हात दिला, दुसऱ्याच्या निर्मितीत गिल्मर आणि राइट यांनी. मानधनाची रक्कम त्याच्यापर्यंत पोहोचत राहावी याची काळजी गिल्मरने पुढेही वाहिली. त्यानंतर मात्र बॅरेट संगीतापासून जवळजवळ पूर्णपणे दूर गेला. तोवर उरलेल्या बँडला स्वतःचा सूर सापडू लागला होता. १९७१ च्या ‘मेडल’मधील ‘एकोज’ या तेवीस मिनिटांच्या रचनेत तो स्पष्ट ऐकू येतो.

१०/
मार्च १९७३ मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आला आणि सारे बदलले. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत त्या अल्बमने एकूण ७०० हून अधिक आठवडे मुक्काम ठोकला. विशीत पाहिलेली सगळी स्वप्ने एका फटक्यात पूर्ण झाली, आणि मग चौघांसमोर प्रश्न उभा राहिला की आता पुढे काय? पैसा आला, घरे आली. एकत्र वाजवण्याची ओढ मात्र ओसरली. मोठ्या सभागृहांत आलेले नवे श्रोते संथ भागांच्या वेळी गलका करीत. यशाने बँडला एकसंध करायचे, त्याऐवजी प्रत्येकाला आपापल्या खोलीत नेऊन सोडले.

११/
१९७३ च्या अखेरीस त्यांनी एक विचित्र प्रयोग हाती घेतला. एकही वाद्य न वापरता, घरातील वस्तूंच्या आवाजावर अख्खा अल्बम करायचा. ताणलेले रबर बँड, झाडू, काचेचे प्याले अशा वस्तूंवर काही आठवडे खटपट चालली आणि शेवटी कंटाळून नाद सोडला गेला. या पसाऱ्यातून हाती उरला तो पाणी भरलेल्या प्याल्यांच्या कडेवरून ओले बोट फिरवल्यावर निघणारा गुंजनस्वर. तो जपून ठेवला गेला. ‘विश यू वर हिअर’ सुरू होताच दूरवरून धुक्यासारखा जो नाद पसरत येतो, त्यात हे प्याले मिसळलेले आहेत.

१२/
याच सुमारास ब्रिटनही खचलेला होता. तेलसंकट आणि खाणकामगारांचा लढा यांमुळे जानेवारी ते मार्च १९७४ या काळात सरकारला उद्योगांवर तीन दिवसांचा आठवडा लादावा लागला. १९७५ मध्ये महागाईचा दर चोवीस टक्क्यांच्या आसपास गेला. साठच्या दशकातील आशावाद विरून गेला होता. बॅरेट हा त्याच आशावादाचा लखलखता चेहरा होता. त्यामुळे त्याच्यावर गाणे रचणे म्हणजे एका मित्राची आठवण काढणे होते, आणि हरवलेल्या दशकाचीही. ‘डार्क साइड’ने गाजलेल्या या बँडने नेमके याच काळात मागे वळून पाहिले.

१३/
१९७४ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस भागातील एका कोंदट तालीमखोलीत गिल्मरच्या गिटारमधून चार स्वर निघाले. बी फ्लॅट, एफ, जी, ई. वॉटर्स जागच्या जागी थबकला. त्या स्वरांत त्याला सिड ऐकू आला. जी हा षड्ज धरला तर हे स्वर अनुक्रमे कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज आणि शुद्ध धैवत होतात. पहिले तीन खिन्न वातावरणात सहज बसतात. चौथा शुद्ध धैवत मात्र अनपेक्षित येतो आणि वाक्य अर्धवट सोडून निघून गेल्यासारखा हवेत लटकत राहतो. प्रश्न विचारला जातो आणि उत्तर येत नाही. संपूर्ण अल्बमचे बीज या चार स्वरांत आहे.

१४/
या स्वरांतून ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ ही दीर्घ रचना उभी राहिली. १९७४ च्या दौऱ्यांत बँड ती मंचावर वाजवू लागला. सोबत आणखी दोन नवी गाणी होती. ही तिन्ही घेऊन अल्बम सहज पुरा झाला असता, आणि गिल्मरचे मत तसेच होते. वॉटर्सने वेगळा आराखडा मांडला. ‘शाइन ऑन’चे दोन तुकडे करून एक आरंभी आणि एक शेवटी ठेवायचा, मध्ये अनुपस्थितीवरची नवी गाणी घ्यायची, आणि ती दोन गाणी बाजूला ठेवायची. मेसन आणि राइट वॉटर्सच्या बाजूने गेले. बाजूला ठेवलेली गाणी पुढे १९७७ च्या ‘ॲनिमल्स’मध्ये आली.

१५/
जानेवारी १९७५ मध्ये ॲबी रोडवर काम सुरू झाले आणि लगेच रखडले. ‘डार्क साइड’चा इंजिनीअर ॲलन पार्सन्स स्वतःच्या मार्गाने निघाला होता. त्याच्या जागी आलेल्या ब्रायन हम्फ्रीजला या स्टुडिओतील यंत्रणा नवी होती. एकदा तासन् तास खपून घोटलेले ट्रॅक चुकून प्रतिध्वनीत बुडाले आणि सारे पुन्हा वाजवावे लागले. मेसनचे लग्न मोडकळीस आले होते आणि त्याचे कामात लक्ष नव्हते. चौघे खोलीत असत, पण मनाने तिथे कोणीच नसे. वॉटर्सने हीच अवस्था अल्बमचा विषय केली. न येणाऱ्या मित्रासोबत, समोर बसूनही हरवलेले मित्र गाण्यात आले.

१६/
अल्बमची सुरुवात ऐकताना हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला आलापाची आठवण व्हावी. ताल नाही, घाई नाही; एकाच सुराच्या विस्तीर्ण पटावर राइटचे सिंथेसायझर आणि गिल्मरची गिटार हळूहळू आकार घेतात. चार मिनिटांच्या सुमारास ते चार स्वर एकटेच वाजतात, आणि काही वेळाने ड्रम येतात. पहिला शब्द गायला जाईपर्यंत साडेआठ मिनिटे उलटून गेलेली असतात. रेडिओवरील गाणे तीन मिनिटांत संपण्याच्या त्या काळात हा संयम धाडसाचा होता. ज्याची वाट पाहायची त्याच्याबद्दल बोलण्याआधी श्रोत्याला वाट पाहायला लावली जाते. शेवटी डिक पॅरीचा सॅक्सोफोन येतो. तोही केंब्रिजच्याच गोतावळ्यातला.

१७/
पुढची दोन गाणी संगीताच्या बाजारपेठेवर आहेत. ‘वेलकम टू द मशीन’मध्ये लंडनच्या ईएमएस कंपनीने बनवलेल्या व्हीसीएस-३ या सिंथेसायझरची धडधड एखाद्या कारखान्यासारखी चालू राहते, आणि स्वप्ने घेऊन आलेल्या तरुणाला यंत्र गिळून टाकते. ‘हॅव अ सिगार’मध्ये रेकॉर्ड कंपनीचा एक अधिकारी बँडची तोंडभरून स्तुती करतो, मात्र यांच्यातला पिंक कोण, हे त्याला ठाऊक नसते. हा प्रश्न बँडला प्रत्यक्षात अनेकदा विचारला गेला होता. यातील उपरोध दुधारी आहे, कारण या अल्बमपासून अमेरिकेत ते कोलंबिया या नव्या, बड्या कंपनीकडे गेले होते.

१८/
‘हॅव अ सिगार’ची आणखी एक गंमत आहे. ‘शाइन ऑन’ गाऊन वॉटर्सचा आवाज थकला होता आणि गिल्मरला हे गाणे गायचे नव्हते. त्याच इमारतीत रॉय हार्पर हा लोकसंगीताच्या वळणाचा गायक स्वतःचा अल्बम करीत होता. त्याला बोलावले आणि त्याने गाणे गाऊन टाकले. म्हणजे बँडला न ओळखणाऱ्या अधिकाऱ्याचे गाणे बँडबाहेरच्या माणसाच्या आवाजात आहे. वॉटर्सने पुढे याबद्दल खंत व्यक्त केली, पण ऐकणाऱ्याला ही निवड अचूक वाटते. गाण्याचा शेवटही तसाच चतुर आहे. भरभरून वाजणारा बँड एकाएकी आक्रसतो आणि एखाद्या लहानशा ट्रान्झिस्टरमधून आल्यासारखा ऐकू येऊ लागतो.

१९/
त्या ट्रान्झिस्टरची स्टेशने कोणीतरी फिरवते. खरखर, बोलण्याचे तुकडे, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा एक क्षण, आणि मग बारा तारांच्या गिटारची धून. हे आवाज गिल्मरने आपल्या गाडीतील रेडिओवरून टिपले होते. धून रेडिओवर पातळ आणि दूरची वाजत असते. थोड्या वेळाने दुसरी गिटार येते, स्वच्छ आणि अगदी जवळची, जणू खोलीत एकटा बसलेला मुलगा रेडिओला साथ करू लागला आहे. दोघे एकत्र वाजवतात, पण एकमेकांना कधी भेटू शकत नाहीत. शीर्षकगीताचा एकही शब्द यायच्या आधी त्याचा आशय या रचनेने सांगून टाकलेला असतो.

२०/
याच गाण्याशी एक लोभस प्रसंग निगडित आहे. तेव्हा ॲबी रोडवर येहुदी मेन्युहिन आणि स्तेफान ग्रापेली हे दोन थोर व्हायोलिनवादक ध्वनिमुद्रणासाठी आलेले होते. मेन्युहिन म्हणजे पंडित रविशंकरांसोबत वाजवणारे आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांकडे योग शिकलेले तेच. ग्रापेलींनी शीर्षकगीताच्या अखेरीस व्हायोलिन वाजवले. अंतिम मिश्रणात ते इतके दबले की वाऱ्याच्या आवाजात जवळजवळ ऐकूच येत नव्हते, आणि म्हणून मूळ अल्बमवर त्यांचे नावही छापले गेले नाही. २०११ च्या विशेष आवृत्तीत ते वादन प्रथमच स्पष्टपणे लोकांसमोर आले. अनुपस्थितीवरील अल्बममध्ये असाही एक अनुपस्थित पाहुणा दडून होता.

२१/
आता पुन्हा ५ जून. इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रसंग साक्षीपुराव्याचा उत्तम धडा देतो. राइटच्या आठवणीनुसार त्या माणसाची ओळख त्याला वॉटर्सने पटवून दिली. मेसन आपल्या ‘इनसाइड आउट’ या आत्मकथनात सांगतो की त्याला गिल्मरने विचारले, हा कोण ते ओळखलेस का? राइटला बॅरेट मध्येच उठून दात घासताना आठवतो, इतरांना ते आठवत नाही. नेमकी तारीख आणि तो किती वेळा आला याबद्दलही मतभेद आहेत. त्या भेटीचे म्हणून प्रसिद्ध झालेले एक छायाचित्र आहे, आणि कोणी ओळखले नाही याबद्दल सगळ्यांचे एकमत आहे. सात वर्षांत मित्राचा चेहरा अनोळखी झाला, एवढे निश्चित.

२२/
ओळख पटल्यावर वॉटर्सच्या डोळ्यांत पाणी आले. गाणे बॅरेटला ऐकवले गेले. ते आपल्याबद्दल आहे हे त्याच्या लक्षात आले की नाही, कोणालाही कळले नाही. काही वेळाने तो निरोप न घेता निघून गेला. १९६८ मध्ये बँडने निरोप न घेता त्याला मागे ठेवले होते. या वेळी जाणारा तो होता. बँड म्हणून ते त्याला पुन्हा भेटले नाहीत. एक गोष्ट विसरून चालणार नाही. गाणे या भेटीतून जन्मलेले नाही. ते वर्षभर आधी रचलेले होते. भेटीने एवढेच दाखवून दिले की ज्याला हाक घातली होती, तो समोर येऊन बसला तरी भेटणार नव्हता.

२३/
अल्बमचे वेष्टनही याच कल्पनेचा विस्तार आहे. ते ‘हिप्नोसिस’ या संस्थेचे स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल यांनी केले. थॉर्गरसनही केंब्रिजचाच, बॅरेटच्या किशोरवयापासूनचा परिचित. कॅलिफोर्नियातील बरबँक येथे वॉर्नर ब्रदर्सच्या आवारात दोन सूटधारी पुरुष हस्तांदोलन करताना टिपले आहेत, आणि त्यांतला एक जळतो आहे. आग खरी होती. रॉनी रॉन्डेल या स्टंटमनने आत अग्निरोधक पोशाख घालून ती अंगावर घेतली. वारा उलटा फिरल्याने ज्वाळा चेहऱ्याकडे आल्या आणि त्याची मिशी होरपळली. मग दोघांनी जागा बदलल्या आणि छापताना चित्र उलटे करण्यात आले. व्यवहाराच्या हस्तांदोलनात पोळून निघण्याचे भय याहून थेट दाखवणे कठीण.

२४/
आणि हे चित्र दुकानात दिसतच नव्हते. अल्बम काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकायला ठेवला गेला. त्यावर जॉर्ज हार्डीने रेखाटलेल्या दोन यांत्रिक हातांच्या हस्तांदोलनाचे स्टिकर होते, बस. वेष्टनाचेच दर्शन नाही! आतल्या चित्रांत वाळवंटात उभा चेहरा नसलेला विक्रेता, पाण्यात शिरूनही तरंग न उठवणारा पोहणारा, आणि वाऱ्यावर उडणारे तांबडे वस्त्र दिसते. पृथ्वी, पाणी, वारा आणि मुखपृष्ठावरचा अग्नी अशी ही मांडणी आहे. सोबत एक पोस्टकार्डही दिले होते. म्हणजे ज्या माध्यमातून ते चार शब्द आले होते, तेही ग्राहकाच्या हाती पडले.

२५/
सप्टेंबर १९७५ मध्ये अल्बम प्रकाशित झाला आणि ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. मागणी इतकी होती की ईएमआयला पुरेशा तबकड्या छापणे जमेना. समीक्षकांचे मत मात्र थंड होते; यात जिवंतपणाच नाही, अशी टीका काहींनी केली. त्याच वर्षी लंडनच्या रस्त्यांवर जॉन लायडन नावाचा मुलगा पिंक फ्लॉइडच्या नावाआधी तिरस्काराचे शब्द लिहिलेला टी-शर्ट घालून फिरत होता. लवकरच पंकची लाट आली आणि दीर्घ रचनांची चेष्टा होऊ लागली. लाटा ओसरल्या, अल्बम उरला. गिल्मर आणि राइट या दोघांनीही पुढे आपला सर्वांत आवडता फ्लॉइड अल्बम म्हणून याचेच नाव घेतले.

२६/
पुढे अनुपस्थितीने बँडची पाठ सोडली नाही. ‘द वॉल’च्या काळात राइटला बाहेर काढले गेले. १९८५ मध्ये वॉटर्सच निघून गेला आणि नावावरून कायदेशीर संघर्ष झाला. २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये ‘लाइव्ह ८’च्या मंचावर चौघे अनेक वर्षांनी एकत्र आले. ‘विश यू वर हिअर’ गाण्यापूर्वी वॉटर्सने जे येथे नाहीत त्यांचे स्मरण केले, आणि त्यांत सिडचे नाव घेतले. केंब्रिजमध्ये बॅरेट तेव्हा चित्रे काढत आणि बाग सांभाळत शांतपणे जगत होता. ७ जुलै २००६ रोजी साठाव्या वर्षी तो गेला. सप्टेंबर २००८ मध्ये राइट गेला आणि चौघांचे पुन्हा एकत्र येणे कायमचे संपले.

२७/
हा अल्बम प्रथमच ऐकणाऱ्याने शेवटच्या मिनिटाकडे विशेष कान द्यावा. ‘शाइन ऑन’चा नववा भाग राइटचा आहे, शब्द नाहीत, नुसती संथ मिरवणूक. सूर विरत जात असताना त्याच्या सिंथेसायझरवर एक ओळखीची धून क्षणभर उमटते. ती ‘सी एमिली प्ले’ची, १९६७ मधील सिडच्या गाण्याची. कोणी तिची दखल घेण्याआधीच आवाज मावळतो. चौघांना जे आयुष्यात जमले नाही, ते तेवढ्या अवधीत घडून जाते. साउदॅम्प्टनला निघालेली ती गाडी मागे वळते, त्याच्या दारापाशी क्षणभर थांबते, आणि मग तबकडी संपते.

(थ्रेड समाप्त)